नीट तिसऱ्यांदा, की आईच्या मागे पोडावर?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्स झाली. नीट दोनदा दिली, दोन्ही वेळा साडेतीनशेच्या आत. माझी बायको आशा वर्कर आहे. मुलगी तिच्यासोबत कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) हिंडते आणि म्हणते, मला हेच काम शिकायचं. घरोघर हिंडून तिच्या आईनं काय कमावलं? वावर गहाण ठेवतो, पण तिसऱ्यांदा बसवतो. तुम्ही समजावून सांगा तिला.
– एक पालक, केळापूर तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, मी नाही समजावणार. नीटला दोनदा कमी गुण पडणारी पोरं माझ्याकडे दर आठवड्याला येतात, त्यात नवं काही नाही. मला टोचली ती ‘काय कमावलं’ ही ओळ. पत्रात लिहिलीत म्हणजे घरातही म्हणत असाल, आणि पोरगी ती ताटावर बसून ऐकत असेल. तिनं आईचं काम मागितलं की तुम्हाला ती हरल्यासारखी वाटते. मग त्या माउलीनं इतकी वर्षं केलं ते काय? वावराबद्दलही सांगते. बापानं जमीन गहाण टाकली, हे डोक्यात घेऊन परीक्षेला बसलेल्या पोरीचं पेपरात लक्ष लागेल असं वाटतं तुम्हाला?

आता ‘घरोघर हिंडणं’. दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशा त्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. बाळाचं वजन, ताप, श्वास बघते. याची मुळं आपल्याच विदर्भात, गडचिरोलीत आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायांना हे शिकवलं, त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटले, आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. 2011 पासून देशभरच्या आशा तेच करतात. शिवाय यातलं अवघड काम मोजमापात येतच नाही. कुपोषित लेकराला पोषण पुनर्वसन केंद्रात भरती करायचं तर आईला चौदा दिवस तिथं राहावं लागतं. कापूस वेचणी ऐन भरात, घरी आणखी दोन लहान. ती ‘नाही’ म्हणते आणि आपण तिला अडाणी ठरवून भिंतीवर पोस्टर लावतो. मागच्या दोघांना कोण जेवू घालेल, बुडीत मजुरी हातात कधी पडेल, नवरा आणि सासू कशी तयार होतील, याचा मेळ पोडावरच्याच चार बायांसोबत बसून लावावा लागतो. तुमच्या बायकोला हे येतं. पोरगी ते बघून शिकतेय, आणि कोणत्याही कोचिंगमध्ये हे मिळत नाही.

एका बाबतीत मात्र तुमचं बरोबर आहे. आशाला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो, तोही रखडतो. पोरीनं तसंच राबावं असं मीही म्हणणार नाही, पदवी हवीच. माझा कौल बी.एस्सी. नर्सिंगला. जीवशास्त्र वाया जात नाही, आणि पुढे उपकेंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं (कंत्राटी पद आहे, हे आत्ताच ऐकून ठेवा). दवाखान्याच्या पाळ्या नको असतील तर समाजकार्याची पदवी, बीएसडब्ल्यू, मग एमएसडब्ल्यू. नागपुरात कॉलेजं आहेत, पुढे मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्थाही. नीट तिसऱ्यांदा द्यायचीच असेल तर ती तिनं स्वतः म्हणावी.

वावर राहू द्या. वेचणी आटोपली की एक दिवस बायकोसोबत पोडावर जा, वजनकाटा तुम्ही धरा. आणि पुढचं पत्र पोरीला लिहू द्या. ते तुम्ही वाचायचं नाही, आधीच सांगून ठेवते.