माजी सैनिकांचे सवाल-जवाब: ट्रेनिंगची सुई, कावीळ सी आणि पेन्शन

प्रश्न: मी मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालोय, गाव खानापूर तालुक्यात. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तर हेपटायटिस सी, म्हणजे कावीळ सी, पॉझिटिव्ह आलं. दारूला मी कधी शिवलो नाही, तरी लोक भलतंच बोलूलालेत. आमच्यातला एक जोडीदार म्हणतो, अमेरिकेत सैनिकांना लसीच्या बंदुकीनं हाच आजार झाला आणि सरकारनं पेन्शन दिली, आपण पण क्लेम टाकूया, आम्हाला पण ट्रेनिंगला लाइनीत उभं करून टोचलं होतं. एक एजंट मिळेल त्या रकमेतले टक्के मागूलालाय. काय करू?

उत्तर: हवालदारसाहेब, एजंटला एक रुपया देऊ नका आणि सही केलेला कोरा कागद तर अजिबात नको. पेन्शनचा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात फुकट भरून देतात, त्यांचं कामच ते आहे.

आता क्लेमच्याही आधी एक गोष्ट. ऑपरेशनआधी जी टेस्ट करतात ती बहुतेक अँटिबॉडीची असते, म्हणजे शरीरात हा विषाणू कधीतरी येऊन गेलाय एवढंच ती सांगते, आज तो आहे की नाही ते सांगत नाही. शंभरातल्या साधारण तीसेक लोकांच्या अंगातून तो औषधाशिवाय सहा महिन्यांत आपोआप निघून जातो. म्हणून आरएनए टेस्ट, ज्याला व्हायरल लोड म्हणतात, ती ईसीएचएस पॉलिक्लिनिकमधून, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून, करून घ्या आणि त्यासोबत हेपटायटिस बी पण तपासायला सांगा, कारण बी लपलेला असेल तर सी च्या औषधानं तो उसळू शकतो. आरएनए पॉझिटिव्ह आलं तरी घाबरू नका, सोफोसबुविर आणि त्याच्या जोडीची गोळी बहुतेकांना 12 आठवडे घ्यावी लागते आणि 95 टक्क्यांहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. ईसीएचएसमध्ये अडलं तर 2018 पासून केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस कार्यक्रम आहे, त्यात हे औषध फुकट आहे, जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलात विचारा. क्लेम कमजोर होईल म्हणून औषध लांबवणारी माणसं मी पाहिलीत आणि मला त्याचा फार त्रास होतो. लिव्हर घट्ट होऊन पोटात पाणी झालं की मग पेन्शन घेऊन काय करायचं. बरं झाल्यावर डिसॅबिलिटीची टक्केवारी कमी धरतात हे खरंय, तरीसुद्धा औषध आधी.

आता अमेरिकेचं. जोडीदार सांगतो ते अर्धं बरोबर आहे. तिकडं जेट इंजेक्टर नावाचं यंत्र होतं, सुई नाहीच, बारीक भोकातून लस इतक्या जोरात सुटायची की कातडी भेदून आत जायची. पेड-ओ-जेट नावाचं मॉडेल पायानं पंप मारून चालायचं, वीज नको, त्यामुळं तासाला शेकडो रिक्रूट टोचून व्हायचे. घोळ असा की कातडीवर रक्ताचा बारीकसा अंश उलटा उडून नळीच्या तोंडाला लागू शकतो आणि तेच तोंड पुढच्याच्या दंडाला. 1984-85 ला कॅलिफोर्नियात वजन कमी करायच्या एका क्लिनिकमध्ये 31 जणांना अशाच यंत्रानं हेपटायटिस बी झाला, ते मॉडेल वेगळं होतं, पण धोका कागदावर आला. 1997 ला अमेरिकन सैन्यानं एकच तोंड सगळ्यांना लावायची ही यंत्रं बंद केली. पण पेन्शन सरसकट कुणालाच दिली नाही. 2004 ला त्यांच्या माजी सैनिक खात्यानं पत्र काढलं की जेट इंजेक्टरनं हेपटायटिस सी झाल्याचा शास्त्रीय पुरावा नाही, तरी तसं होणं शरीरशास्त्राच्या हिशोबानं शक्य आहे. त्यामुळं तिथंही प्रत्येकाला डॉक्टरचं मत आणावं लागतं की या माणसाला आजार नोकरीतल्या यंत्रामुळं झाल्याची शक्यता निदान निम्मी तरी आहे, आणि ते मत कारणांसकट पाहिजे. कित्येकांचे क्लेम फेटाळलेत. 1942 चं पिवळ्या तापाच्या लसीचं प्रकरण तर वेगळंच, तिथं यंत्राचा दोष नव्हता, लसीत माणसाचा सीरम, म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग, होता, त्यातून तीन लाखांवर अमेरिकन सैनिकांना हेपटायटिस बी ची लागण झाली. जोडीदाराला हे दोन वेगवेगळे किस्से आहेत म्हणून सांगा, अर्जात एकत्र घातले तर मेडिकल बोर्ड पहिल्या पानावरच अर्ज बाजूला ठेवेल.

मी स्वतः एमआय रूममध्ये, म्हणजे युनिटच्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट म्हणून नोकरी केलीय, काचेच्या सिरिंजा, उकळलेल्या सुया, बाहेर उन्हात बनियनवर उभी पोरं, हे सगळं मी बघितलंय. म्हणून तुमचा संशय मी हसण्यावारी नेत नाही. पण "आम्हाला लाइनीत टोचलं" एवढ्यावर क्लेम उभा राहत नाही, कारण बोर्ड विचारणार, गावच्या डॉक्टरनं कधी सुई दिली नाही का, दात काढला नाही का, जत्रेत गोंदवून घेतलं नाही का. तुमचा क्लेम उभा राहील तुमच्याच कागदावर. नोकरीत कधी ऑपरेशन झालं, जखम झाली, रक्त चढवलं? हा विषाणूच 1989 ला ओळखला गेला, त्याआधी चढवलेल्या रक्ताची टेस्ट करायची सोयच नव्हती, म्हणून तुमच्या कागदात अशी एखादी नोंद सापडली तर ती लाइनीतल्या सुईपेक्षा कितीतरी वजनदार. कधी कावीळ होऊन एमएचला, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलात, ॲडमिट होतात का? रिलीज मेडिकल बोर्डात, म्हणजे नोकरी सोडतानाच्या तपासणीत, लिव्हरबद्दल काही लिहिलंय का? हे सगळं मागायला रेकॉर्ड ऑफिसला आरटीआय टाका, मराठाचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे हे आपलं नशीब, आणि लवकर टाका, जुने कागद मुदत संपली की नष्ट करतात.

नियमाचं असं, की भरतीवेळी कागदावर आजार नव्हता आणि नोकरीत दिसला तर तो नोकरीमुळंच असं धरून चालायचं, उलटं सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर, हे सुप्रीम कोर्टानं 2013 च्या धरमवीर सिंग केसमध्ये सांगितलंय. पण तुमचं निदान रिटायर झाल्यावरचं, त्यामुळं तो निकाल जसाच्या तसा लागू होणार नाही. अशा केसला पोस्ट डिस्चार्ज क्लेम म्हणतात, आजाराचं मूळ नोकरीत होतं आणि तो उशिरा दिसला असं मेडिकल ऑथोरिटीनं म्हणावं लागतं आणि त्याला ठराविक वर्षांची मुदत असते. कुठल्या साली रिटायर झालात त्यावर कुठले नियम लागतात ते ठरतं, 21 सप्टेंबर 2023 नंतरच्यांना नवीन नियम आहेत. शिवाय डिसॅबिलिटी एलिमेंटसाठी, म्हणजे पेन्शनमधल्या अपंगत्वाच्या भागासाठी, निदान 20 टक्के डिसॅबिलिटी लागते. सोपं नाही हे सगळं, पण कागदात ॲडमिशनची एखादी नोंद सापडली तर जरूर लढा, मी अर्ज तपासून देईन.

प्रश्न: मिस्टर माजी सैनिक आहेत, त्यांना हेपटायटिस सी आहे. सासूबाईंनी त्यांचं ताट-तांब्या वेगळा केलाय, नातवाला जवळ जाऊ देत नाहीत. (चिकोडीहून एक ताई)

उत्तर: ताई, ताट आजच्या आज पंगतीत आणा. हा आजार रक्तातून पसरतो, जेवणातून, पाण्यातून, मिठी मारून, एका अंथरुणावर झोपून पसरत नाही. दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर मात्र वेगळं ठेवा आणि जखमेवर पट्टी बांधा, बस. सासूबाईंना बहुतेक पाण्यातून होणारी कावीळ माहीत असेल, ती ए आणि ई ची, ती भीती त्यांनी इकडं लावलीय, रागावू नका, डॉक्टरांसमोर बसवून ऐकवा. नातवानं आजोबाच्या मांडीवर बसावं. घरातल्या सगळ्यांनी एकदा टेस्ट करून घ्या, बी ची लस मिळते, सी ची लस अजून निघालेली नाही.

प्रश्न: मामांचं गाव चंदगड, पण राहायला बेळगावात भाड्यानं. डिसॅबिलिटीचा क्लेम फेटाळलाय, केस कुठं घालायची? उशीर पण झालाय.

उत्तर: आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलमध्ये, म्हणजे सैनिकांच्या केसेसच्या खास कोर्टात. रिटायर माणूस जिथं कायम राहतो तिथल्या बेंचकडं जाता येतं, म्हणजे कर्नाटकचा पत्ता दाखवला तर कोची, चंदगडचा दाखवला तर मुंबई. जिथं खरंच राहतात आणि तारखांना जाणं जमेल तो पत्ता आधार आणि बँक पासबुकावर एकच असू द्या, सीमेवरच्या आपल्या लोकांची इथंच गाडी अडकते. उशिराची माफी मागायचा अर्ज सोबत लावा. पेन्शन दर महिन्याची गोष्ट असल्यानं सुप्रीम कोर्टाच्या 2008 च्या तरसेम सिंग निकालानुसार उशीर झाला म्हणून केस सरसकट बाद होत नाही, फक्त थकबाकी केस घातल्याच्या आधीच्या तीन वर्षांचीच मिळते, म्हणून आता आणखी दिवस घालवू नका.