चार दिवसांत आई बदलली

टोरांटोहून एका ताईंचं पत्र आलंय. त्यांची ७६ वर्षांची आई सांगलीला भावाजवळ असते. गेले चार दिवस संध्याकाळ झाली की आई कावरीबावरी होते, वारलेल्या बाबांचं पान वाढते. सकाळी पुन्हा बरीचशी ठीक असते. भाऊ म्हणतो, वय झालं. ताई विचारतात, स्मृतिभ्रंश असेल तर आईला इकडे आणू का?

ताई, ते नंतर. तुमच्या पत्रातले मला सगळ्यात महत्त्वाचे वाटले ते दोन शब्द: चार दिवस. स्मृतिभ्रंश असा चार दिवसांत येत नाही, त्याला महिने-वर्षं लागतात. अचानक सुरू झालेला आणि दिवसभरात कमीजास्त होणारा गोंधळ दिसला की आधी शरीरात काय बिघडलंय ते शोधायचं. डॉक्टर याला डेलिरियम म्हणतात. आईला आजच्या आज दाखवा.

माझ्या आईचं सांगते. जन्मात कधी दूध उतू न घालवलेली बाई हातात पातेलं घेऊन ओट्याशी उभी होती आणि गॅस कसा पेटवायचा ते मला विचारत होती. आम्ही 'साठी बुद्धी नाठी' म्हणत दोन दिवस घालवले. निघालं काय, तर बीपीच्या नव्या गोळीने रक्तातलं सोडियम खाली आलेलं. गोळी बदलली, दवाखान्यात ठेवून सोडियम हळूहळू वर आणलं. आठवड्याभरात आई पेपरातलं शब्दकोडं सोडवायला लागली. ते दोन दिवस मला अजून बोचतात.

भावाला सांगा, आईला डायबिटीस असेल तर पहिल्यांदा साखर तपासायची. मग रक्त आणि लघवी. म्हातारपणी लघवीचा संसर्ग ताप न येताही होतो. रात्री उठावं लागू नये म्हणून कितीतरी आज्या संध्याकाळनंतर पाणीच पीत नाहीत, त्यानेही गोंधळ वाढतो. पोट साफ होतंय का, तेही विचारा. घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी सर्दीच्या आणि झोपेच्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवायच्या. आणि महिन्या-दोन महिन्यांत आई कुठे पडली होती का, डोक्याला मार लागला होता का? म्हाताऱ्या माणसांत मेंदूभोवती हळूहळू रक्त साचून लक्षणं काही आठवड्यांनी दिसू शकतात.

तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, एक हात लुळा पडला किंवा हाका मारूनही नीट जाग येत नसेल, तर ओळखीच्या डॉक्टरांच्या वेळेची वाट बघू नका. १०८ ला फोन करायचा.

हे सगळं नीट निघालं आणि चौकशीत कळलं की विसरणं वर्षभरापासूनच चालू होतं, तर गोष्ट वेगळी. तरीही आधी बी १२, थायरॉइड, ऐकू कमी येणं आणि खचलेलं मन बघून घ्या. शाकाहारी माणसं आणि वर्षानुवर्षं डायबिटीसची मेटफॉर्मिन ही गोळी घेणारे यांच्यात बी १२ कमी असण्याची शक्यता जास्त.

व्हिडिओ कॉलवर फार विसंबू नका. अथर्वशीर्ष एका दमात म्हणणारी आई सकाळी जेवली की नाही हे विसरलेली असू शकते, कारण लहानपणी पाठ केलेलं फार उशिरापर्यंत टिकतं. खरं काय ते कामाला येणाऱ्या मावशींना विचारा.

आत्ता लगेच टोरांटोला मात्र आणू नका. इतका लांबचा प्रवास, दिवस-रात्रीची उलटापालट, अनोळखी घर, याने गोंधळ बळावतो. पुढे कधी आणलंत आणि तिथे स्मरणशक्तीची चाचणी करायची ठरली, तर मराठी दुभाषा मागा. परक्या भाषेत आईचे गुण कमी पडणारच.

आज रात्री आईच्या खोलीत छोटा दिवा राहू दे. चष्मा आणि कानाचं यंत्र हाताशी, घड्याळ आणि कॅलेंडर समोर. आणि बाबांचं पान वाढलं तर "अगं, बाबा गेले ना" असं दर वेळी सांगू नका. त्या क्षणी तिच्यासाठी ती पहिलीच बातमी असते. बाबांना कोणती भाजी आवडायची, ते विचारा आणि तिच्याबरोबर जेवायला बसा, असं भावाला सांगा.