‘ड्रॉइंग चांगलं आहे, आर्किटेक्चरला घालू का?’

जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, बारावीच्या वर्षात करिअरचा सल्ला घ्यायला माझ्याकडे आलेले पालक हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत विचारतात. विचारता विचारता पिशवीतून इंटरमिजिएट ड्रॉइंगचं सर्टिफिकेट निघतं, ‘ए’ ग्रेडचं. आणि लगेच दुसरी शंका: पाच वर्षं लागतात म्हणे, मग चार वर्षांत सिव्हिलच केलेलं काय वाईट? घरं तर दोघंही बांधतात.

चोपडा तालुक्यातल्या एका घराची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून नाव आणि काही तपशील बदलले आहेत. मुलाला मयूर म्हणू. वडिलांचं केळीचं छोटं पॅकिंग हाऊस, मामा बांधकामाचे ठेकेदार. मला भेटायला आई, वडील, मामा आणि मयूर असे चौघं आले आणि पहिला अर्धा तास मामाच बोलले. भाचा सिव्हिलला गेला की त्यांच्या साइट सांभाळणार, हे त्यांच्या मनात पक्कं होतं. शिवाय विश्वेश्वरय्यांचा दाखला तयार. तो खोटाही नाही. 1884 साली मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर विश्वेश्वरय्यांची सुरुवातीची कामं धुळे भागातच झाली. पाइपचा सायफन टाकून पांझरेच्या पात्रापलीकडे पाणी नेण्याचं काम त्यातलंच. “सिव्हिल काय साधी गोष्ट आहे का मॅडम?” मी कुठे म्हटलं होतं!

वडिलांना मात्र ‘आर्किटेक्ट’ ही पाटी हवी होती. आईला दोन्हीची धास्ती. ती हळूच म्हणाली, “पोऱ्या रातभर चित्रं काढस, पन त्यावर पोट भरी का?”

आधी मी आर्किटेक्ट आणि सिव्हिल इंजिनिअर यांतला फरक मोकळा केला, कारण आपल्या तालुक्याच्या गावांमध्ये तो दिसतच नाही. नगरपालिकेत नकाशा मंजुरीला टाकायचा तर परवानाधारक इंजिनिअरच्या सहीनेही काम होतं. त्यामुळे ‘प्लॅन काढून देतो तो आर्किटेक्ट’ असा सरसकट समज. कायद्याने तसं नाही. 1972 च्या वास्तुविद अधिनियमाप्रमाणे आर्किटेक्चर कौन्सिलकडे नोंदणी असलेल्यालाच स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येतं. त्यासाठी पाच वर्षांचं बी.आर्क. करावं लागतं, आणि त्यातली साधारण एक सहामाही एखाद्या ऑफिसात प्रत्यक्ष कामाची असते. कॉलम किती जाडीचा, पाया किती खोल, स्लॅबमध्ये सळई कोणती, हा हिशोब सिव्हिलवाल्याचा, त्यातही स्ट्रक्चरल इंजिनिअरचा. खोलीत उजेड कुठून येईल, मे महिन्यात वारा कसा खेळेल, म्हातारा माणूस रात्री बाथरूमपर्यंत कसा जाईल, हा विचार आर्किटेक्टचा. चांगल्या कामात दोघं एकमेकांशी भांडत भांडत घर उभं करतात.

मग मी मयूरला एकट्याला बसवून घेतलं. पालकांसमोर मुलं ठरलेलीच उत्तरं देतात. काय काढतोस, म्हटल्यावर त्याने मोबाइलमधले फोटो दाखवले: गणपती, शिवाजी महाराज, एक-दोन नट्या. हात खरोखर चांगला. पण इमारतीचं चित्र एकही नाही. यावरून मी काही ठरवत नाही, पण नोंद घेते. आर्किटेक्चरमध्ये चित्र काढण्यापेक्षा अजून नसलेली जागा डोक्यात उभी करता येणं जास्त उपयोगी पडतं. नाटा ही प्रवेश परीक्षा बघा. तिच्या ड्रॉइंगच्या भागात चित्ररचना आणि रंग असतात, पण दिलेल्या तुकड्यांतून त्रिमितीय रचनाही करायची असते. उरलेला भाग तर्क, आकडेमोड आणि अवकाशाची समज तपासतो. हुबेहूब पोर्ट्रेट काढणारी मुलं इथे कधी कधी अडखळतात.

त्याला मी घरचा अभ्यास दिला. हा मी बऱ्याच मुलांना देते. रोजची एक जागा निवडायची, टेप घेऊन मोजायची, कागदावर तिचा नकाशा काढायचा आणि त्या जागेत जे खटकतं ते त्यावरच लिहायचं. सुंदर काढायचं नाही, खरं काढायचं. मयूरने वडिलांचं पॅकिंग हाऊस निवडलं.

पंधरवड्याने कागद आला. भिंती, दारं, मापं, सगळं बिनचूक. आणि त्यावर निळ्या-लाल रेघांचं जाळं. मी विचारलं, हे काय? म्हणाला, निळी रेघ म्हणजे माल, लाल म्हणजे माणूस. ट्रॉली फक्त पूर्वेच्या दाराशी वळते, म्हणून घड तिकडे उतरतात. तिथेच फण्या कापतात. फण्या तुरटीच्या पाण्याच्या टाकीत जातात, चीक निघतो, आणि टाकीच्या दुसऱ्या टोकाला बाहेर येतात. इथपर्यंत निळी रेघ सरळ. पण वजनकाटा मात्र पहिल्या टोकाला, कारण प्लगपॉइंट तिथे आहे! म्हणून प्रत्येक क्रेट उचलून बाई टाकीला वळसा घालून मागे येते, तेरा किलोचं वजन जुळवते, आणि भरलेला बॉक्स पुन्हा त्याच वाटेने पश्चिमेच्या दाराकडे, गाडीत. रिकामे बॉक्स माळ्यावर, तेही उलट्या बाजूला. एका बॉक्समागे बाईची 22 पावलं फुकट, असं त्याने कोपऱ्यात लिहिलं होतं. खाली: “एक्स्टेन्शन बोर्ड चालणार नाही, खाली पाणी असतं. वायरिंग वरून घ्यावं लागेल.”

मी विचारलं, आत गरम होत असेल ना? पत्र्याचं छत आहे म्हणतोस. तो म्हणाला, हो, होतं. बस, एवढंच. कागदावर खिडकी एकही नव्हती. बाया जेवायला कुठे बसतात, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

इथे मला पारोळ्याकडची एक मुलगी आठवली. तिची रेघ वाकडी, मापं दोनदा चुकलेली, चित्रकलेत जेमतेम पास. पण तिने आजीचं धाब्याचं घर आणि शेजारचं काकांचं नवं स्लॅबचं घर असे दोन नकाशे आणले होते. धाब्यावर मातीचा थर किती जाड आहे, दुपारी घरातली माणसं कोणत्या भिंतीलगत आडवी होतात, नव्या घरात कूलर लावूनही वरची खोली एप्रिल-मे का बंदच ठेवतात, हे तिने लिहिलं होतं. तिला बी.आर्क.ला जा म्हणताना मला विचार करावा लागला नाही. ती नाशिकला शिकते आहे. सोपं चाललंय असं नाही. माउंट बोर्ड, मॉडेलचं सामान, प्रिंट, अभ्यासदौरे, लॅपटॉप, हा फीव्यतिरिक्तचा खर्च कुणी आधी सांगत नाही. ज्यूरीच्या, म्हणजे परीक्षकांसमोर डिझाइन मांडण्याच्या, आदल्या रात्री झोप नसते. आणि पास झाल्यावर पहिली काही वर्षं मोठ्या शहरातल्या ऑफिसात कमी पगारात उमेदवारी. आर्किटेक्चर म्हणजे ग्लॅमर, असं समजून येणाऱ्या पालकांना मी हे मुद्दाम आधी ऐकवते.

मयूरकडे वळू. त्याच्या कागदावर जे होतं त्याला कॉलेजात नाव आहे: इंडस्ट्रियल इंजिनिअरिंग. वडील दचकले. “म्हणजे आयटीआय का?” नाही. आयटीआयमध्ये यंत्र चालवायला, जोडायला शिकवतात. ड्राफ्ट्समन सिव्हिलचा ट्रेडही तिथेच असतो. इंडस्ट्रियल इंजिनिअर मात्र यंत्र, माणूस, माल, वेळ आणि पैसा यांची जुळणी लावतो. कारखान्याची मांडणी, साठा किती ठेवायचा, कोणतं काम किती वेळात व्हायला हवं, माल बाद का होतो, गाड्या कोणत्या क्रमाने सोडायच्या, हे त्याचे विषय. गणित लागतं, आकडेशास्त्र तर फार लागतं. जळगाव एमआयडीसीतली चटई, पाइप किंवा डाळमिल घ्या, हे प्रश्न तिथे रोज असतात. बहुतेक ठिकाणी ते मालक स्वतः अंदाजाने सोडवतो.

मामा गप्प होते. त्यांना मी गिलब्रेथची हकीकत सांगितली. फ्रँक गिलब्रेथ नावाचा अमेरिकन तरुण 1885 मध्ये गवंडीकामाला लागला. त्याने पाहिलं की प्रत्येक गवंडी वीट वेगळ्या पद्धतीने लावतो आणि एकेका विटेसाठी खाली वाकतो. त्याने खालीवर करता येणारी परांची तयार केली, विटा आणि मसाला हाताच्या उंचीवर आणला, आणि एका विटेमागच्या 18 हालचाली 5 वर आणल्या. तासाला 120 विटांच्या जागी 350 बसू लागल्या. त्याची बायको लिलियन हिने मानसशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पुढे स्वयंपाकघराच्या मांडणीवर काम केलं. या शास्त्राचं एक मूळ बांधकामाच्या साइटवरच आहे. मामांनी लगेच विचारलं, “परांचीची उंची किती ठेवायचा तो?” त्या क्षणापासून ते आमच्या बाजूला आले.

आता प्रवेशाचं. ‘इंडस्ट्रियल’ नावाने स्वतंत्र पदवी आपल्याकडे मोजक्याच ठिकाणी मिळते. आयआयटी खरगपूरला आहे. राज्यात ‘प्रॉडक्शन’ शाखा शोधायची. तीही मिळाली नाही तर मेकॅनिकल घ्यायचं, त्यात प्लँट लेआउट, ऑपरेशन्स रिसर्च, क्वालिटी हे विषय निवडायचे, आणि पदव्युत्तरला वळायचं. पवईची निटी ही संस्था 1963 मध्ये याच विषयांसाठी सुरू झाली. 2023 पासून ती आयआयएम मुंबई आहे. यातल्या पदवीच्या प्रवेशाला पीसीएम ग्रुपची एमएचटी-सीईटी किंवा जेईई लागते.

बी.आर्क.चा रस्ता निराळा. बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवंच. ‘गणित नको म्हणून आर्किटेक्चर’ हा हिशोब चालत नाही. राज्यातल्या कॉलेजांसाठी नाटा किंवा जेईई मेनचा दुसरा पेपर. नागपूरचं व्हीएनआयटी, दिल्ली-भोपाळ-विजयवाड्याच्या एसपीए (स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर) यांना जेईईचाच पेपर. खरगपूर-रुरकीसाठी जेईई अॅडव्हान्स्ड आणि वर आर्किटेक्चरची वेगळी चाचणी. पॉलिटेक्निकवाल्यांनी एक लक्षात ठेवावं: डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, बी.आर्क.ला मात्र पहिल्या वर्षापासूनच बसावं लागतं. ज्यांना एका घरापेक्षा अख्ख्या गावाचे रस्ते, बाजार, पाणी यांत रस आहे त्यांनी प्लॅनिंगची चार वर्षांची पदवी बघावी. पुण्याच्या सीओईपी या इंजिनिअरिंगच्या संस्थेत आहे. तिकडे आपल्या भागातून फारसं कुणी जात नाही याचं मला वाईट वाटतं, कारण आपली शहरं वाढतात कशी ते रोज दिसतंच आहे.

मयूरला मी नाटा देऊ नको म्हटलं नाही. फॉर्म भरलेला होता, वडिलांची हौस होती, आणि सतरा वर्षांच्या मुलाचं मन एका नकाशावरून कायमचं ठरवणारी मी कोण? त्याने दोन्ही परीक्षा दिल्या. नाटाचा स्कोअर बरा आला. घरात पुन्हा दोन दिवस वाद झाला, फोनवरून मलाही त्यात ओढलं. मी त्याला इतकंच विचारलं की सुटीच्या दिवशी कॉलेजातून काय करायला सांगितलं तर आपणहून बसशील: घराचं डिझाइन की त्या निळ्या-लाल रेघा? त्याने उत्तर देण्याऐवजी डाळमिलचा नकाशा पाठवला. मित्राच्या काकांची मिल, न सांगता मोजून आला होता.

ऑप्शन फॉर्म भरताना प्रॉडक्शन वर, मेकॅनिकल खाली असा क्रम लावला. दुसऱ्या फेरीत मेकॅनिकल मिळालं, जळगावातच, त्यामुळे होस्टेलचा खर्च वाचला आणि आईचा जीव भांड्यात पडला.

फीबद्दलही सांगते, कारण खरी गाठ तिथेच असते. कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर पात्र विद्यार्थ्यांना शिक्षण शुल्कात सवलत मिळते. 2024-25 पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. त्यात इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चर दोन्ही येतात. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलेल्या जागेला हे लागू नाही, तेव्हा एजंटच्या नादी लागण्याआधी कॅपच्या सगळ्या फेऱ्या संपू द्या. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेयर यांचे अर्ज निकालाची वाट न पाहता एप्रिलमध्येच टाका. जूनमध्ये सेतूत पाय ठेवायला जागा नसते.