मास्टर्स संपवून कोल्हापूरला परतण्याआधी ग्रेट ओशन रोड एका दिवसात होतो का?

तुझा प्रश्न असा: नोव्हेंबरमध्ये मेलबर्नचं मास्टर्स संपतंय, चौघं मित्र भाड्याची गाडी काढून एका दिवसात ग्रेट ओशन रोड हा तिथला समुद्रकाठचा रस्ता करणार आहात, आणि घरचे म्हणतायत, "उगाच खर्च कशाला, समुद्र आपल्याकडं पण आहे, सरळ घरी ये."

भावा, जा. पण एक मुक्काम तरी करच. मी मेलबर्नजवळच्या जिलाँगला शिकलो, आता कोल्हापुरात असतो. तिथल्या शेवटच्या दिवसांतलं मला पदवीदानापेक्षा हा रस्ताच जास्त आठवतो.

टॉर्कीपासून वॉर्नम्बूलजवळच्या ॲलन्सफोर्डपर्यंत हा रस्ता २४३ किलोमीटर आहे. म्हणजे कोल्हापूर-पुण्याएवढा, त्यामुळे सकाळी निघून रात्री परत येऊ असं वाटतं. पण लोर्न ते अपोलो बे हा पट्टा आपल्या करूळ घाटासारखा वळणावळणाचा आहे, फक्त दरीच्या जागी समुद्र. मेलबर्नहून किनाऱ्याकिनाऱ्यानं ट्वेल्व्ह अपॉसल्स या समुद्रातल्या सुळक्यांपाशी पोचायलाच, कुठं न थांबता, पाच तासांच्या आसपास लागतात. एका दिवसात गेलात तर गाडी चालवणाऱ्याला समोरच्या डांबराशिवाय काही दिसणार नाही. मुक्काम अपोलो बेला करा आणि परत येताना आतल्या बाजूनं कोलॅकवरून या, तो रस्ता साधारण तीन तासांचा.

जाताना टॉर्कीकडूनच सुरुवात करा. तिथंही गाड्या डाव्या बाजूनं चालतात, त्यामुळं पश्चिमेकडं जाताना समुद्र तुमच्या बाजूला राहतो आणि थांबायच्या जागांवर समोरची वाहतूक न ओलांडता गाडी घेता येते.

ईस्टर्न व्ह्यूला रस्त्यावर लाकडी कमान लागते. तिथं सगळे फोटो काढून दोन मिनिटांत निघतात, तुम्ही जरा जास्त थांबा. पहिल्या महायुद्धावरून परतलेल्या सुमारे ३,००० सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात बहुतांशी कुदळ-फावड्यानं हा रस्ता खणला, आणि युद्धात गेलेल्या आपल्या सोबत्यांच्या नावानं अर्पण केला. म्हणजे हा सगळा रस्ताच एक स्मारक आहे. त्याच युद्धात आपल्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कूटच्या वेढ्यात अडकल्या होत्या. सातारा-कोकणातल्या काही गावांत "या गावातून इतके जण महायुद्धाला गेले" अशी पाटी अजून भिंतीवर दिसते. ती पाटी पाहिलेल्या माणसाला ही कमान परकी वाटत नाही. मला तरी वाटली नाही.

अपॉसल्स म्हणजे समुद्रात उभे राहिलेले चुनखडीचे सुळके. नाव बारांचं असलं तरी बारा कधीच नव्हते. २००५ च्या जुलैत एक कोसळला आणि आठ राहिले. तिथून पुढं लंडन ब्रिज नावाची दगडाची नैसर्गिक कमान होती, ती १९९० मध्ये किनाऱ्याच्या बाजूनं तुटली आणि टोकावर अडकलेल्या दोघांना हेलिकॉप्टरनं काढावं लागलं. लाटा अजूनही तो दगड पोखरतायत, म्हणून कुंपणापलीकडं फोटोसाठी कुणीही जायचं नाही, हे चौघांत आधीच ठरवा. पोहायचं तर जीवरक्षकांनी लावलेल्या लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्येच, तिथले आत ओढून नेणारे प्रवाह फार वाईट असतात.

घरच्यांच्या "समुद्र आपल्याकडं पण आहे" याला उत्तर म्हणजे, अपॉसल्सपासून सरळ दक्षिणेला निघालं तर पुढची जमीन थेट अंटार्क्टिका. मालवणचा समुद्र मला जिवापाड आवडतो, पण हा वेगळाच. नोव्हेंबरातही वारा अंगात शिरतो, तेव्हा जाड जाकीट न्या. खर्चाचं म्हणशील तर गाडी, पेट्रोल, खोली चौघांत वाटलं जातं. हेच पुन्हा कोल्हापुरातून करायचं म्हटलं तर व्हिसा आणि विमानाचं तिकीट आधी डोळ्यांसमोर येतं. जेवणाचा खर्चही कमी होतो. चपात्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, शिवाय किनाऱ्यावरच्या गावांतल्या बागांत फुकट वापरायच्या विजेच्या शेगड्या असतात, त्यावर चिकन मस्त भाजतं.

भारतीय लायसन्स तुझ्या व्हिसावर तिथं किती काळ चालतं ते मेलबर्न ज्या राज्यात आहे त्या व्हिक्टोरियाच्या सरकारी साइटवर आधी बघून घे. २५ वर्षांखालच्या चालकाला गाडीवाले बहुधा जादा पैसे लावतात, तेव्हा चौघांत मोठा असेल त्याच्या नावावर गाडी घ्या. अंधार पडायच्या आत मुक्कामी पोचा, संध्याकाळी कांगारू-वॉलबी रस्त्यावर येतात. अपोलो बेच्या पुढं लागणाऱ्या ऑटवेच्या जंगलात मोबाईलला रेंज जाते, नकाशा उतरवून ठेवा.

आणि ही सहल खोलीची चावी परत करण्याआधी करा, नाहीतर दोन वर्षांचं सामान डिकीत घेऊन फिरावं लागेल. परतीचं तिकीट अजून काढलं नसशील तर शेवटच्या परीक्षेनंतर आठवडाभर तरी मोकळा ठेवूनच काढ.