बारावीनंतर जर्मनीत केमिस्ट्री: मधलं वर्ष कोल्हापुरात कसं घालवायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात बारावी सायन्स, स्टेट बोर्ड, ८५ टक्क्यांची अपेक्षा. जर्मनीत केमिस्ट्री घ्यावी की बायोकेमिस्ट्री, इंग्रजीवर भागेल का, आणि घरच्यांनी किती पैशांची तयारी ठेवायची?

इंग्रजीवर भागणार नाही. मास्टर्सला इंग्रजी अभ्यासक्रम भरपूर आहेत, बॅचलरला सरकारी विद्यापीठांत अगदी मोजके. लेक्चर, प्रॅक्टिकलची पुस्तिका, तोंडी परीक्षा, सगळं जर्मनमध्ये. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी जर्मन भाषेची परीक्षा लागते: डीएसएच-२ किंवा टेस्टडाफच्या चारही भागांत ४, म्हणजे साधारण सी१ पातळी (ए१ ते सी२ या सहा पायऱ्यांतली पाचवी). शून्यापासून तिथवर जायला ४५ मिनिटांचे ८०० ते १००० तास धर. सुरुवातीच्या पातळ्या कोल्हापुरात होतील. बी२च्या पुढे पुण्याचं मॅक्स म्युलर भवन किंवा त्यांचे ऑनलाइन वर्ग बरे.

नुसत्या बारावीवर थेट प्रवेशही मिळत नाही. एक तर जेईई ॲडव्हान्स्ड पास हवी, नाहीतर मान्यताप्राप्त विद्यापीठात त्याच विषयाचं एक वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेलं हवं. तुझ्यासाठी दुसरी वाट सरळ आहे: राजाराम, विवेकानंद, गोखले, जिथे मिळेल तिथे बी.एस्सी. भाग १ला केमिस्ट्री मेजर घे. विषय बदललास तर ते वर्ष धरलं जाणार नाही, म्हणून बायोकेमिस्ट्रीचा विचार असेल तर कोणते विषय चालतील ते त्या त्या विद्यापीठाला आधीच ईमेल करून लेखी विचार.

अडचण येते ती कॅलेंडरची. केमिस्ट्रीचा कोर्स बहुतेक ठिकाणी फक्त हिवाळी सत्रात, ऑक्टोबरला सुरू होतो आणि अर्जाची मुदत बऱ्याच ठिकाणी १५ जुलै. आपल्याकडे दुसऱ्या सेमिस्टरचा निकाल जूनअखेर किंवा जुलैत लागला, तर त्यानंतर एपीएसचं, म्हणजे भारतीय कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं, प्रमाणपत्र (फी १८,००० रुपये, वेळ काही आठवडे) आणि मग युनि-असिस्टची, म्हणजे अनेक विद्यापीठांसाठी परदेशी अर्ज तपासणाऱ्या संस्थेची, छाननी (पहिला अर्ज ७५ युरो, त्याच सत्रातला पुढचा प्रत्येक ३०) यांचा मेळ बसत नाही. त्यामुळे भाग २ला प्रवेश घेऊन ठेवायचा आणि पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरवर नेम धरायचा. वर्ष वाया गेलं म्हणून घरचे कुरकुरतील. पण सी१ होईपर्यंत तेवढा वेळ जाणारच आहे.

जर्मन श्रेणीत मार्कांचं रूपांतर असं: कमाल गुणांतून तुझे गुण वजा कर, त्याला कमाल आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकाने भाग, मग ३ने गुणून १ मिळव. ८५ टक्के, पास ३५ला: १५ भागिले ६५, गुणिले ३, अधिक १, म्हणजे साधारण १.७. तिकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. पहिल्या वर्षाचे गुण यात धरतात का, हे विद्यापीठागणिक बदलतं.

हा आकडा बायोकेमिस्ट्रीला महत्त्वाचा, कारण जागा कमी, गुणांची चाळणी कडक, आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठी त्यातला छोटासा हिस्सा. केमिस्ट्रीला अनेक विद्यापीठांत चाळणीच नसते. पात्र असलीस की प्रवेश. माझं मत विचारशील तर केमिस्ट्री घे आणि बायोकेमिस्ट्रीकडे ऐच्छिक विषयांतून किंवा मास्टर्सला वळ. ट्युबिंगनचं नाव तुझ्या यादीत असणारच. फ्रीडरिश मीशर या स्विस शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये तिथल्या किल्ल्यातल्या प्रयोगशाळेत न्यूक्लीन, म्हणजे आजचं डीएनए, वेगळं केलं. पण ते बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात आहे आणि तिथे युरोपियन युनियनबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो फी आहे.

आता प्रयोगशाळा, कारण मुलं भाषेच्या खालोखाल इथेच अडकतात. पोटॅशियम परमँगनेट आणि ऑक्झॅलिक ॲसिडचं टायट्रेशन बारावीला असतंच. द्रावण ६० ते ७० अंशांपर्यंत का तापवायचं? थंड द्रावणात अभिक्रिया इतकी मंद असते की पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग जातच नाही आणि एंड पॉइंट (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) आल्यासारखा वाटतो; पुढे तयार होणारं मँगनीज(२)च अभिक्रियेला वेग देतं. सल्फ्युरिक ॲसिड कमी पडलं तर तपकिरी मँगनीज डायऑक्साइड दिसतो आणि रीडिंग बाद. मोहर सॉल्टला (फेरस अमोनियम सल्फेट) मात्र तापवायचं नाही, हवेने त्यातलं लोह ऑक्सिडाइज होतं. हे ‘का’ तिकडे प्रयोगाआधी तोंडी विचारतात, शिवाय रसायनाचा धोका काय आणि कचरा कुठल्या डब्यात जाणार तेही. सांगता आलं नाही तर त्या दिवशी प्रयोग नाही.

तिकडे नमुन्यात पदार्थ किती आहे हे तुला सांगत नाहीत आणि गुण खऱ्या उत्तरापासून तू किती दूर आहेस त्यावर. एक थेंब सुमारे ०.०५ मिली: ब्युरेटमधून ५ मिलीच गेले तर एका थेंबाची चूक १ टक्का, २० मिली गेले तर पाव टक्का. म्हणून नमुना किती घ्यायचा हे आधी हिशेब करून ठरवायचं. शेजाऱ्याच्या रीडिंगशी जुळवून घ्यायची आपली सवय तिथे कामाची नाही, त्याचा नमुनाच वेगळा असतो. पिपेटच्या टोकातला शेवटचा थेंब फुंकायचा नाही. ती सवय आताच मोड. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा सुती ॲप्रन कोल्हापुरातच शिवून ने. टेरिकॉट नको, आगीत वितळून कातडीला चिकटतं.

कोर्स ६ सत्रांचा, १८० क्रेडिट, एका क्रेडिटला साधारण ३० तासांचं काम. पेपर सहसा तीनदाच देता येतो. अनिवार्य विषयात तिसऱ्यांदा नापास झालीस तर तोच कोर्स जर्मनीत दुसरीकडेही करता येत नाही, आणि व्हिसाही अडचणीत येतो. बहुतेक मुलं पडतात ती गणित आणि फिजिकल केमिस्ट्रीत. भाग १ला गणित सोडू नकोस. बॅचलरवर थांबून नोकरी धरणारे केमिस्ट तिकडे थोडेच, त्यामुळे मास्टर्सची दोन वर्षंही हिशेबात धर.

पैसे: व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्याचा खर्च अडकवून ठेवायचं खातं, लागतं. त्यात वर्षाचे ११,९०४ युरो आधी भरावे लागतात, त्यातले महिन्याला ९९२ मिळतात. युरो १०० रुपयांचा धरला तरी बारा लाखांच्या आसपास. बहुतेक राज्यांत शिकवणी फी नाही, सत्राची वर्गणी तेवढी. आरोग्य विमा महिन्याला दीडशे युरोंच्या आसपास, तो त्याच ९९२मधून. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, पण प्रॅक्टिकल दुपारभर चालत असल्याने सत्र सुरू असताना फारसं जमत नाही. पहिल्या वर्षाचा खर्च कामातून निघेल असं घरी सांगू नकोस.

कागदपत्रांत एक गोष्ट आजच बघ. बोर्डाच्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव येतं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि कधी वडिलांचं नाव नसतंच. क्रमाचं समजावता येतं, स्पेलिंगचं नाही. हॉल तिकीट, आधार आणि पासपोर्ट शेजारी ठेवून एकेक अक्षर ताड; फरक असेल तर निकाल छापून येण्याआधी कॉलेजच्या ऑफिसात दुरुस्तीचा अर्ज दे.