पूर्णाहुती की पूर्णाहूती? आणि पत्रिकेत होम, हवन की यज्ञ?

चोपड्याहून आलेला प्रश्न. वास्तुशांतीची पत्रिका छापायची आहे. प्रेसवाल्याच्या नमुन्यात 'सकाळी 9 वाजता यज्ञ, 11.30 वाजता पूर्णाहूती' असं आहे. घरातल्या मोठ्यांना 'होम' हवा, पोरांना 'हवन' बरं वाटतं, आणि 'हू' ऱ्हस्व की दीर्घ यावर कुणाचंच एकमत नाही.

'होम' लिहा, आणि 'पूर्णाहुती' असं लिहा: हु ऱ्हस्व, ती दीर्घ.

मूळ धातू 'हु', म्हणजे अग्नीत टाकणं, ओतणं. होम, हवन, हवी, हव्य, आहुती, हुताशन ही सगळी त्याचीच पोरं. त्यामुळे होम आणि हवन यांत अर्थाचा फरक शोधू नका. 'होमहवन' हा 'बाजारहाट'सारखा जोडशब्द, एकच गोष्ट दोनदा. नुसतं 'हवन' म्हणण्याची सवय आपल्याकडे बरीचशी हिंदीच्या वळणानं रुळली. मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून असलेल्या भागात ते स्वाभाविक आहे, चूक नाही. होळी मात्र या कुटुंबातली नव्हे. ती 'होलिका'वरून आली, अहिराणीत 'होयी' झाली. जाळ आहे म्हणून तिला होमाशी जोडू नये.

'यज्ञ' आला वेगळ्या धातूवरून: 'यज्', पूजणं, देवतेला अर्पण करणं. याग, यजमान, ऋत्विज त्याचेच. कात्यायन श्रौतसूत्रात, म्हणजे यज्ञविधींच्या जुन्या सूत्रग्रंथात, यज्ञाची व्याख्या तीन शब्दांत आहे: द्रव्य, देवता, त्याग. तिथेच याग आणि होम यांतला फरकही दिला आहे. उभं राहून, याज्या म्हणजे आहुतीआधीची ऋचा म्हणून, 'वषट्' या उच्चारासह द्यायचा तो याग. बसून 'स्वाहा' म्हणत द्यायचा तो होम. तुमच्या घरी भटजी आणि यजमान पाटावर बसणार, 'स्वाहा' म्हणणार. म्हणजे होमच.

शिवाय यज्ञाला अग्नी लागतोच असं नाही. रोजच्या पंचमहायज्ञांपैकी फक्त देवयज्ञात होम आहे. अध्ययन हा ब्रह्मयज्ञ, तर्पण हा पितृयज्ञ, पाहुण्याला जेवू घालणं हा नृयज्ञ. 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. त्यांत यज्ञ म्हणजे आपण सृष्टीची जी झीज करतो ती भरून काढणं, असा अर्थ लावला आहे. पुढे 'भूदानयज्ञ' हा शब्द खटकला नाही तो यामुळेच. 'भूदानहोम' म्हणून बघा, जमीन जाळल्यासारखं वाटतं.

आता तो 'हू'. 'ह्वे' म्हणजे हाक मारणं, हा तिसरा धातू. त्यावरून 'आहूति' म्हणजे बोलावणं. आपलं 'आव्हान'ही त्यातलंच. म्हणजे दीर्घ 'हू' लिहिला की अर्थ बदलतो, ती नुसती छपाईची चूक राहत नाही. गंमत अशी की हा गोंधळ प्रेसवाल्याचा एकट्याचा नाही. ऐतरेय ब्राह्मण या वैदिक ग्रंथातच म्हटलंय की आहुति या खरं तर आहूति आहेत, कारण यजमान त्यांच्या योगे देवांना हाक मारतो. होतृ, म्हणजे यज्ञात ऋचा म्हणणारा ऋत्विज, या शब्दाबद्दल यास्काच्या निरुक्तातही (वैदिक शब्दांच्या व्युत्पत्तीचा ग्रंथ) दोन मतं दिली आहेत: यास्क तो 'ह्वे'कडे नेतो, और्णवाभ हा दुसरा आचार्य 'हु'कडे. ऐतरेय ब्राह्मणातला तो 'आहुति-आहूति' मुद्दाम केलेला श्लेष होता. पत्रिकेत श्लेष नको.

मराठीत तत्सम शब्दाचा अंत्य इकार दीर्घ, म्हणून 'आहुती'. समासात पुढे शब्द आला की तो पुन्हा ऱ्हस्व: 'आहुतिमंत्र'. अनेकवचन 'आहुती'च ठेवा, '108 आहुती'. बोलताना 'आहुत्या' म्हटलं तर कुणी अडवणार नाही.

'पूर्णाहुती'तला 'पूर्ण' म्हणजे 'संपलं' असं समजतात. मुळात ती काठोकाठ भरलेल्या पळीची आहुती. म्हणून तूप शेवटापर्यंत पुरणं महत्त्वाचं, आणि नेमकं तिथेच गणित चुकतं. चहाचा एक चमचा 5 मिली धरला तर 108 आहुतींना 540 मिली, म्हणजे जवळपास अर्धा किलो तूप लागतं. पूर्णाहुतीचं त्याहून वेगळं, आधीच वाटीत काढून ठेवा. नारळ घालायचा तर पाण्याचा अख्खा नको. आत वाफ कोंडून तो फुटतो नि निखारे अंगावर येतात. सुक्या खोबऱ्याचा गोटा, वरून कापून तूप भरलेला, हे बरं.

पत्रिकेच्या मागे सामानाची यादी छापणार असाल तर 'समिधा' लिहा. 'लाकडं' लिहिलं की कुणीतरी सरपण आणून टाकतो. समिधा म्हणजे पेटवण्याची काडी, मुळात 'सम् + इन्ध्', पेटवणं. वीतभर लांब, अंगठ्याहून जाड नाही, सालीसकट, किडलेली नाही. ग्रहांच्या नऊ ठरलेल्या: सूर्याला रुई, चंद्राला पळस, मंगळाला खैर, बुधाला आघाडा, गुरूला पिंपळ, शुक्राला उंबर, शनीला शमी, राहूला दूर्वा, केतूला दर्भ. रुई-आघाडा बांधावर सापडतो, पळस-खैर सातपुड्याच्या बाजूला. मात्र आदल्या दिवशी तोडलेल्या ओल्या काड्यांनी फक्त धूर होतो. आठवडाभर आधी तोडून सावलीत वाळवा. आणि तयार पाकिटातली हवनसामग्री मूठमूठ टाकू नका. भुकटीनं जाळाचा वारा अडतो, अग्नी विझतो. मग त्यावर रॉकेल ओतायला कुणीतरी धावतंच, 'होम करता हात पोळला' म्हणायची पाळी येते ती अशी.

तेव्हा पत्रिकेत एवढंच: 'सकाळी 9 वाजता ग्रहहोम व वास्तुहोम, 11.30 वाजता पूर्णाहुती, नंतर भोजन.' भोजनाला वरण-बट्टी असेल तर बट्टीचं तूप होमाच्या हिशेबात धरू नका. ते वेगळं आणा, आणि जास्त आणा.