पूर्वग्रह की पूर्वाग्रह? आणि शिंप्याची उरेब पट्टी

गोव्यातल्या वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कारखान्याच्या एचआर विभागात काम करणाऱ्या ताईंनी विचारलं आहे : “आमच्याकडे दोन तासांचं ट्रेनिंग झालं. पडद्यावर ‘अचेतन पूर्वाग्रह’ असं लिहिलेलं. पेडण्याहून बसने येणाऱ्या ऑपरेटर मुली मला विचारायला लागल्या, कसला आग्रह? मलाही सांगता येईना. पुढच्या बॅचसाठी स्लाइड मलाच मराठीत करायच्या आहेत. बायसला नेमकं काय म्हणू? आणि इन्क्लूजनला?”

ताई, मुली अडखळल्या ते बरंच झालं. ‘पूर्वाग्रह’ हा हिंदीचा शब्द. तिथे तो बिनचूक आहे : पूर्व अधिक आग्रह. मराठीत आपण पूर्व अधिक ग्रह असा ‘पूर्वग्रह’ म्हणत आलो. हल्ली हिंदीवरून घाईत केलेल्या भाषांतरांतून तो जादा काना आपल्याकडे शिरतो आहे. एका कान्याने काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. माझ्या मते बरंच बिघडतं. आग्रह करणाऱ्याला आपण काय करतोय ते पक्कं ठाऊक असतं. आणि मराठी माणसाला आग्रह म्हटलं की आधी आठवते ती मणगण्याची (चणाडाळीच्या खिरीची) आणखी एक वाटी. ग्रहाचं तसं नाही. “माझ्याविषयी वाईट ग्रह करून घेऊ नका” असं आपण म्हणतो तेव्हा तो ग्रह समोरच्याच्या मनात आपोआप बसलेला असतो, त्याने तो मुद्दाम धरलेला नसतो. (साडेसातीवाला ग्रह आणि हा मनातला ग्रह, दोन्ही ‘ग्रह्’ म्हणजे पकडणे या एकाच धातूचे. पकडतात दोघेही, शांत मात्र एकाचीच करता येते.) ट्रेनिंगमध्ये जे सांगायचं आहे ते नेमकं हेच असल्यामुळे तुमच्या कामाला मराठी रूपच जास्त चपखल आहे.

‘अचेतन’ तर काढूनच टाका. मराठीत अचेतन म्हणजे दगडधोंडे. इंग्रजीत बायसला दोन विशेषणं चालतात : ‘अनकॉन्शस’ म्हणजे ‘जाणिवेबाहेरचा’ आणि ‘इम्प्लिसिट’ म्हणजे ‘उघड न दिसणारा’. हे दुसरं बायसच्या संदर्भात मानसशास्त्रात रुळलं ते अँथनी ग्रीनवाल्ड आणि महजरीन बनाजी यांच्या १९९५ सालच्या लेखापासून. (बनाजीबाई मूळच्या आपल्या सिकंदराबादच्या.) पहिल्यासाठी आपल्याकडे ‘नेणीव’ हा जुना, सुरेख शब्द आहे. जाणीव-नेणीव ही जोडी ज्ञानेश्वरांच्या हरिपाठात आहे, तेव्हा पेडण्याच्या ज्या घरात संध्याकाळी हरिपाठ होतो तिथल्या मुलीला तो समजावून सांगावा लागणार नाही. ‘नेणिवेतला पूर्वग्रह’ म्हणा. फारच जड वाटलं तर ‘नकळत बसलेला ग्रह’.

आता एक गंमत. इंग्रजीतला ‘बायस’ हा शब्द आला फ्रेंचमधून आणि त्याचा मूळ अर्थ तिरका, कलता. कापडाच्या आडव्या-उभ्या धाग्यांना तिरका छेद देऊन कापतात त्यालाही इंग्रजीत हाच शब्द. आणि त्या कापाला आपल्याकडे शिवणाच्या क्लासात काय म्हणतात? उरेब. फारसीतून आलेला शब्द, अर्थ तोच, तिरका. गोल गळ्याला उरेब पट्टी लावतात, कारण तिरकं कापलेलं कापड ताणतं आणि वळतं. म्हणजे शब्दाला तंतोतंत जुळणारा भाऊ आपल्या शिंप्याकडे कधीचा बसला आहे! तो स्लाइडवर घाला असं मी म्हणणार नाही, लोक हसतील. पण तोंडी समजावताना जरूर वापरा. तुमच्या बॅचमधल्या ज्या मुलींनी ब्लाउज शिवलं असेल त्यांना कळेल की कापड फाटकं नाही, वाईटही नाही, फक्त कापच तिरका आहे आणि म्हणून ते एका बाजूला ओढ घेतं.

‘पक्षपात’ आणि ‘भेदभाव’ हे शब्द मात्र पूर्वग्रहाच्या जागी वापरू नका. ते कृतीचे आहेत. संविधानाच्या १५व्या अनुच्छेदाचं मराठी शीर्षक ‘भेदभाव करण्यास मनाई’ असं आहे, धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून. मनात काय आहे याला कायदा मनाई करू शकत नाही, हातून काय झालं याला करतो. त्या यादीतलं ‘जन्मस्थान’ आपण गोंयकारांनी दोनदा वाचावं. ‘घाटावरचा’ हा साधा भूगोल आहे. ‘घाटी’ म्हटलं की तोच भूगोल शिवी होतो, आणि म्हणणाऱ्याला बहुधा त्याचा पत्ताही नसतो.

मनातला पूर्वग्रह आणि हातून होणारा भेदभाव या दोन टोकांच्या मधे एक शब्द उरतो आणि तो मला सगळ्यांत आवडतो : आपपरभाव. हा आपला, तो परका. मी नोकरीत असताना आमच्या कचेरीत बेळगावकडचा एक कारकून आला होता. अकरा वाजले की आम्ही फोंडा-म्हार्दोळकडचे चौघे चहाला उठायचो. त्याला येऊ नको असं कुणी कधी म्हटलं नाही. चल, असंही म्हटलं नाही. वर्षभराने त्याची बदली झाली तेव्हा निरोपाच्या भाषणात आम्हीच सांगितलं की माणूस जरा एकलकोंडा होता! याला भेदभाव म्हणायला जीभ रेटत नाही, पण आपपरभाव म्हटलं की मान खाली जाते.

राहिला इन्क्लूजन. ‘समावेशन’ हा शब्द ‘वित्तीय समावेशन’मुळे बँकांच्या फलकांवर रुळला आहे, तेव्हा चुकीचा नाही, पण कारखान्याच्या मजल्यावर तो कोरडा पडतो. ‘सामावून घेणे’ मराठमोळं आहे, मात्र त्यात घेणारा घरचा आणि येणारा पाहुणा असा वास येतो. मी ‘सर्वांना सोबत घेणे’ लिहीन आणि त्याच स्लाइडवर उलट अर्थाचा शब्द देईन : पंक्तिप्रपंच. पंगतीत बसवलं सगळ्यांना, पण वाढताना एकाच्या पानात तुपाची धार आणि शेजारच्याच्या पानात दोन थेंब, हा पंक्तिप्रपंच. आजीच्या तोंडी हा शब्द ऐकलेला निदान एकतरी जण प्रत्येक बॅचमध्ये निघेल. त्याला किंवा तिला अर्थ सांगायला उभं करा आणि मग पडद्यावर गेल्या महिन्याची ओव्हरटाइमची यादी लावा, नावं झाकून, फक्त तास आणि गाव दाखवून.